नव्या वहीला जुनी शिस्त

बँकेत नवे लेजर वापरायला काढणे हा एक छोटासा विधीच असे. छापखान्यातून आलेले ते जाडजूड पुस्तक कारकुनाने उघडले आणि लिहायला सुरुवात केली, असे चालत नसे. आधी पाने मोजायची. प्रत्येक पानावर क्रमांक आहे ना, ते पाहायचे. मग पहिल्या पानावर ‘या पुस्तकात एकूण इतकी पाने आहेत’ असा दाखला लिहून त्याखाली अधिकाऱ्याने सही-शिक्का करायचा. सुरुवातीची काही पाने नावांच्या सूचीसाठी सोडायची. एवढे झाले की ते पुस्तक शाखेच्या यादीत चढवायचे आणि त्यानंतरच जुन्या लेजरमधल्या बाक्या त्यात ओढायच्या. सूची नसलेले लेजर म्हणजे नुसती रद्दी, आणि यादीत न चढवलेले लेजर म्हणजे तपासनिसाच्या हाती कोलीत, असे आमचे जुने हेडकॅशियर म्हणत.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे हट्ट्याच्या आमच्या घरातल्या संगणकाला गेल्या उन्हाळ्यात दुसरी हार्ड डिस्क जोडावी लागली. ‘फॉरमॅट करणे’ आणि ‘माउंट करणे’ हे दोन शब्द मी नोकरीत असताना शेकडो वेळा ऐकले होते. पण घरच्या टेबलावर ते काम डोळ्यांसमोर झाले, तेव्हा लक्षात आले की हे तर आपलेच जुने काम. पाने आखणे, सूची करणे, ताळा पाहणे आणि पुस्तक यादीत चढवणे. वही तेवढी बदलली आहे.

हट्टा हे गाव परभणीहून हिंगोलीकडे जाताना लागते. तालुका वसमत. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत आम्ही परभणीकर होतो. हळद, कापूस, सोयाबीन हे इथले विषय. संगणक हा विषय फार तर सेतू केंद्रात किंवा फोटो स्टुडिओत निघतो. निवृत्तीनंतर मी गावी येऊन राहिलो, तेव्हा सोबत दोन खोकी पुस्तके आणि एक संगणक आणला. लिहिण्यासाठी आणला खरा, पण हळूहळू तो घरातली कोनाडी, ट्रंक आणि माळा या तिघांची जागा घेत गेला. ज्याला जे जपावेसे वाटले, ते त्याने त्यात टाकले. पुतणीच्या लग्नाच्या चित्रीकरणाने एकट्याने चाळीस जीबी जागा खाल्ली. माझ्या चार कादंबऱ्यांचे सगळे खर्डे मिळून एका छायाचित्राएवढेसुद्धा भरले नाहीत. लेखकाने गर्व करू नये, हे संगणक न बोलता सांगतो.

या पसाऱ्यात दोन गोष्टी मात्र अशा होत्या, की त्या गेल्या असत्या तर कोणत्याही दुकानात परत मिळाल्या नसत्या.

पहिली म्हणजे जमिनीचे आणि घराण्याचे जुने कागद. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे त्या काळचे बरेचसे दप्तर उर्दूत, काही मोडीत. १९५४ चे खासरा पाहणी पत्रक म्हटले की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात येते. २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा घरोघरच्या ट्रंका उघडल्या गेल्या. पणजोबांचे नाव कुठे, कशा अक्षरात लिहिले आहे, हे पाहायला माणसे भिंग घेऊन बसली. त्या वेळी आमच्या भावकीतल्या सगळ्यांचे कागद माझ्या पुतण्याने स्कॅन करून याच संगणकात ठेवले. मूळ कागद इतके जीर्ण, की घडी उलगडली की घडीवरच तुकडा पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आईचा आवाज. १९९१ च्या दिवाळीत मी टू-इन-वन घेऊन गावी आलो होतो. तिच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर भरून घ्यायच्या, असे मनात होते. ‘पिठाची गिरणी आल्यावर कशाला रे हे’ असे ती म्हणाली, पण जात्यापाशी बसली. तिच्या त्या सुट्टीतल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतल्या ओव्या मिळून साठ मिनिटांच्या अकरा कॅसेटी झाल्या. १९९८ मध्ये ती गेली. २००९ मध्ये एका परिचिताकडून त्या कॅसेटी संगणकात उतरवून घेतल्या. सीडीवरही उतरवल्या होत्या, पण त्यांतल्या निम्म्या आता कोणत्याच यंत्रात वाचल्या जात नाहीत. कॅसेटच्या फिती बुरशीने एकमेकींना चिकटल्या. म्हणजे आईचा आवाज उरला तो फक्त संगणकातल्या एका डिस्कवर. हिशेब सांगायचा तर तासाभराचे सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण साधारण ६३५ एमबी जागा घेते. अकरा तासांचे सात जीबी. लग्नाच्या चित्रीकरणाच्या पाचव्या हिश्शातही आई आरामात मावते.

अशा ओव्यांचे मोल काय, ते पुण्यातल्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी फार आधी ओळखले होते. खेडोपाडीच्या बायांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने त्या लोकांपर्यंत पोहोचवायला सुरुवात केली. त्या संग्रहात महाराष्ट्रातल्या किती घरांच्या आया आणि आज्या आहेत! पण आमची आई त्यात नाही. तिचा संग्रह सांभाळण्याची जबाबदारी आमची.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या पुतण्याची मुलगी सुट्टीला आली. ती नांदेडला इंजिनिअरिंग शिकते. तिने सहज डिस्कची तपासणी करणारा प्रोग्राम उघडला. त्यावर शेरा होता : डिस्क ठीक आहे, पण काही सेक्टर खराब. असे शेरे मी कर्जखात्यांवर पुष्कळ वाचले आहेत. ‘खाते सुरळीत, पण दोन हप्ते थकीत.’ त्यानंतर काय होते, ते मला ठाऊक आहे. शिवाय डिस्क काठोकाठ भरलेली. तिने त्याच संध्याकाळी सात जीबी ओव्या आणि स्कॅन केलेले कागद एका पेनड्राइव्हवर उतरवले आणि दोन दिवसांनी नांदेडहून दोन टीबीची नवी डिस्क आणली. डबा उघडण्याआधी जपायचे ते बाजूला काढले, हे तिने न सांगता केले. मला तेवढ्यावरूनच खात्री पटली की काम योग्य हातात आहे.

वहिनी मात्र दारात उभ्या होत्या. ‘भावजी, हे नवं बसवताना आत्याबाईंचा आवाज पुसून तर जायचा न्हाई ना?’ त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण या सगळ्या कामात धोका आहे तो एकाच ठिकाणी. त्याकडे येतोच.

प्रत्यक्ष जोडणी फारच साधी निघाली. मेन स्विच बंद करायचा, वायर भिंतीतून काढायची, कॅबिनेटची बाजूची पत्री उघडायची. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. डिस्क तिच्या खोबणीत सरकवून चार स्क्रू आवळायचे. मग दोन वायरी. एक माहितीची, चपटी आणि अरुंद. दुसरी विजेची, थोडी रुंद. दोन्हींच्या टोकाला इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा वळसा असतो, त्यामुळे त्या उलट्या बसतच नाहीत. पूर्वीच्या चाळीस पिनांच्या रुंद पट्टीच्या काळात कोणती डिस्क मुख्य आणि कोणती दुय्यम, हे एक चिमुकली टोपी इकडून तिकडे बसवून ठरवावे लागे. तो जाच आता संपला.

ती तळहाताएवढी डिस्क हातात घेतल्यावर गंमत वाटली. १९५६ साली आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन सुमारे टनभर आणि त्यात मावत होती पन्नास लाख अक्षरे. आमच्या नव्या डिस्कमध्ये दोन लाख कोटी अक्षरांची जागा. आत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावर, केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावर, तरंगत असते. म्हणूनच चालू डिस्कला धक्का सोसत नाही. आईच्या ओव्या जाते फिरताना निघाल्या आणि आता दुसऱ्याच एका फिरत्या तबकडीवर येऊन बसल्या, हा विचार माझ्या मनात आला. पण समोर स्क्रू-ड्रायव्हर घेतलेली मुलगी असताना आजोबांनी फार भावुक होऊ नये.

संगणक सुरू केल्यावर नवी डिस्क दिसली, पण जागा १.८२ टीबी. पुतण्या म्हणाला, ‘काका, दुकानदारानं मापात मारलं.’ मारलेले नव्हते. डिस्क करणारा हजार-हजारच्या पटीत मोजतो आणि काही प्रोग्राम १०२४ च्या पटीत मोजतात. वस्तू तीच, मापे दोन. शेराने दिलेले आणि किलोने मोजलेले, एवढाच फरक.

नवी डिस्क म्हणजे कोरा कागद. तिच्यावर पहिले काम विभागणीचे. कुठून कुठपर्यंत कोणता भाग, याचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला लिहिला जातो. जुन्या पद्धतीचा तक्ता दोन टीबीच्या पलीकडे मोजूच शकत नसे. म्हणून आता ‘जीपीटी’ नावाचा नवा तक्ता वापरतात. हा तक्ता शेवटच्या पानावरही पुन्हा लिहिलेला असतो. पहिले पान फाटले, तर शेवटचे आहे. हे शहाणपण मला फार आवडले.

त्यानंतर फॉरमॅट. म्हणजे पाने आखणे आणि सूचीची जागा राखणे. आमचा संगणक लिनक्सवर चालतो, म्हणून तिने ‘ईएक्सटी-४’ हा नमुना निवडला. विंडोजवाले ‘एनटीएफएस’ निवडतात. या दोन्ही नमुन्यांत एक गोष्ट समान आहे आणि ती ऐकून माझ्यातला बँकवाला सुखावला. कोणताही मोठा फेरबदल करण्याआधी त्याची नोंद एका छोट्या वहीत होते आणि मग तो जागच्या जागी उतरतो. मध्येच वीज गेली, तर संगणक परत सुरू होताना ती छोटी वही वाचतो आणि अर्धवट राहिलेले काम मार्गी लावतो. ही आपली रोजकीर्द! आधी कीर्द, मग खतावणी. आपले सराफ आणि दुकानदार पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आणि इंग्रजीत त्या छोट्या वहीला जे नाव आहे, त्याचा जमाखर्चातला अर्थही कीर्द असाच आहे. भारनियमनाच्या गावात राहणाऱ्याने तर या सोयीला रोज नमस्कार करावा. शिवाय या नमुन्यात पाच टक्के जागा व्यवस्थेसाठी राखून ठेवलेली असते. बँकांच्या राखीव रोकडीची आठवण झाली. नुसत्या साठवणीच्या डिस्कवर हा राखीव हिस्सा कमी करता येतो.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. फॉरमॅटचा हुकूम सुटला की संगणक ज्या डिस्कचे नाव सांगितले, तिची जुनी सूची मोडून नवी घालतो. नाव चुकले, तर नवी डिस्क कोरीच राहते आणि भरलेली डिस्क कोरी होते. सारा धोका या एका शब्दात आहे. लिनक्समध्ये डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे मिळतात आणि नवी डिस्क बसवल्यावर ही नावे आपसात बदलूही शकतात. म्हणून मी आमच्या तिजोरीचा नियम काढला. बँकेची तिजोरी एका किल्लीने कधी उघडत नाही. एक किल्ली रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असले, तरच दार उघडते. मी म्हटले, ‘बाई, तू तुझी किल्ली लाव, मी माझी लावतो.’ तिने पडद्यावरचा आकार, कंपनीचे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचला. मी डिस्कच्या खोक्यावरचा अनुक्रमांक वाचला. शेवटचे अक्षर जुळल्यावरच तिने बटण दाबले. काही क्षणांत काम झाले. वहिनी म्हणाल्या, ‘एवढंच?’ हो, एवढेच. तिजोरीचे दारही क्षणातच उघडते.

फॉरमॅट झाले म्हणून डिस्क वापरता येत नाही. ती माउंट करावी लागते. हा शब्द जुना आहे. मोठ्या संगणकांच्या काळात माणूस उठून फितीचे रीळ किंवा तबकड्यांचा संच खरोखरच यंत्रावर चढवत असे. आता हाताने चढवायचे काही उरले नाही, पण शब्द राहिला. विंडोजमध्ये नव्या डिस्कला ‘डी’, ‘ई’ असे वेगळे अक्षर मिळते, म्हणजे शेजारी वेगळे घर बांधल्यासारखे. लिनक्समध्ये, म्हणजे मुळात १९६९ पासूनच्या युनिक्सच्या रीतीत, सगळे घर एकच. नव्या डिस्कला त्या घरातली एक खोली नेमून द्यायची. आम्ही ‘ठेवा’ नावाचा एक रिकामा फोल्डर केला आणि डिस्क तिथे चढवली. फोल्डर रिकामाच असावा. त्यात आधीपासून काही असेल, तर डिस्क चढल्यावर ते झाकले जाते. नष्ट होत नाही, पण दिसेनासे होते आणि माणूस घाबरतो.

संगणक बंद करून सुरू केला, की हे चढवणे पुन्हा करावे लागू नये, म्हणून ‘एफस्टॅब’ नावाच्या यादीत एक ओळ लिहायची. हीच ती शाखेच्या पुस्तकांची यादी. त्या ओळीत डिस्कचे ‘एसडीबी’ हे नाव न लिहिता तिचा लांबलचक कायमचा क्रमांक लिहितात. का, ते बँकेत गेलेल्या कोणालाही कळेल. काउंटरवर मिळणारे पितळी टोकन दर वेळी वेगळे असते. खाते क्रमांक तोच राहतो. टोकनच्या भरवशावर कोणी पासबुक ठेवत नाही. त्याच ओळीत ‘नोफेल’ असा एक शब्द घातला, की पुढेमागे ती डिस्क काढली, तरी संगणक तिच्यासाठी अडून बसत नाही. ओळ लिहिल्यावर लगेच बंद-चालू न करता आधी यादी तपासून पाहण्याचा हुकूम द्यायचा. चूक असेल तर तिथेच कळते. आणखी एक बारकावा. नवी डिस्क सुरुवातीला व्यवस्थापकाच्या, म्हणजे ‘रूट’च्या ताब्यात असते. तिचा ताबा आपल्या नावावर करून घेतला नाही, तर आपल्याच घरात आपल्याला लिहायची परवानगी मिळत नाही. फेरफार मंजूर होईपर्यंत सातबारावर नाव लागत नाही, तसे.

मग ओव्या नव्या डिस्कवर उतरवल्या. नुसत्या उतरवून भागत नाही. ताळा पाहावा लागतो. प्रत्येक फाइलवरून गणित करून एक लांब आकडा काढणारा प्रोग्राम असतो. मूळ फाइलचा आकडा आणि नक्कलेचा आकडा तंतोतंत जुळला, तर नक्कल खरी. अकरापैकी अकराही जुळल्या. बँकेत महिनाअखेरीला बाक्या पहिल्या फटक्यात जुळल्या, की शाखेत भजी मागवत असत. वहिनींनी न मागताच भजी केली.

इथे थांबले, तर अर्धेच काम झाले. एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्क म्हणजे एकाच तिजोरीतले दोन कप्पे. मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा कशा पडतात, ते सांगायला नको. तारांतून आलेला एक झटका दोन्ही डिस्क एकदम जाळू शकतो. चोरालाही दोन फेऱ्या घालाव्या लागत नाहीत. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांमध्ये संगणक शिरू लागले, तेव्हापासून आम्हांला एक शिस्त लागली होती. दिवसअखेरीची एक नक्कल शाखेत आणि एक शाखेबाहेर, दुसऱ्या इमारतीत. तोच नियम घराला लावला. तिसरी नक्कल नांदेडला मुलीच्या कपाटात गेली. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला, ती काढायची, जोडायची, एक-दोन ओव्या ऐकायच्या आणि परत ठेवायची. ऐकून पाहिलेली नक्कल हीच नक्कल. न उघडलेली नक्कल म्हणजे नुसता समज.

जाता जाता एक सूचना. जुनी डिस्क भंगारवाल्याला देताना पटकन केलेल्या फॉरमॅटवर विसंबू नका. त्यात सूची नवी होते, पानांवरचा मजकूर तसाच राहतो आणि जाणकार तो वाचू शकतो. आधारची नक्कल, पासबुकाची छायाचित्रे, मुलींचे फोटो त्यात असतात. सगळ्या जागेवर पुसून लिहिणारे पूर्ण फॉरमॅट करा, नाहीतर डिस्क देऊच नका. तसेच, जुनी भरलेली डिस्क संगणकाला जोडल्यावर पडद्यावर ‘आधी फॉरमॅट करा’ अशी पाटी आली, तर ‘हो’ म्हणू नका. बहुतेक वेळा माहिती आत शाबूत असते, फक्त सूची वाचता आलेली नसते. जाणकाराला दाखवा.

आणि एक काम राहिले, ते यंत्राचे नाही. बँकेतल्या खात्याला वारस नेमण्याची सोय असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर ठेवखात्याला चार जणांपर्यंत वारस नेमता येतात. पण आपल्या घरातल्या डिस्कला वारस कोण? आमच्या पिढीतले पुष्कळ जण मुलांसाठी फोटो, कागद, आवाज साठवून ठेवतात आणि पासवर्ड मात्र सोबत घेऊन जातात. मी एका साध्या दोनशे पानी वहीत लिहून ठेवले आहे : कोणत्या डिस्कवर काय आहे, ती कुठे ठेवली आहे, कशी उघडायची आणि दरवर्षी कोणी तपासायची. खाली त्या मुलीचे नाव घातले, तिची सही घेतली, माझी केली. पहिल्या पानावर अर्थातच दाखला आहे, की या वहीत एकूण दोनशे पाने आहेत. वही वहिनींच्या ट्रंकेत, खासऱ्याच्या कागदांवर ठेवली आहे. ती वाचायला वीज लागत नाही.